एकालाच आत

“इकडे दे तिला,” जवान म्हणाला, आणि धाकट्या भावाच्या मांडीवरून त्याने पोरीला उचलून घेतलं.

पोर तीन वर्षांची. सकाळपासून तिचा खोकला कुत्रं भुंकावं तसा येत होता आणि आता श्वास आत घेताना घशातून शिट्टी वाजत होती. धाकट्याने तिला लष्कराच्या इस्पितळात आणलं. तिचा बाप, म्हणजे हाच जवान, त्याच इस्पितळात, दोन मजले वर, व्यसनमुक्तीच्या वॉर्डात नऊ दिवसांपासून दाखल. वॉर्डबॉयने निरोप दिला तसा तो धावतच खाली आला होता. बायको परगावी कामाला. निघाली होती, पण पोचायला संध्याकाळ होणार होती.

गांजा सुटला की काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. चौकीवर झोप यावी म्हणून दोन झुरके मारायला लागला आणि पुढे झुरक्यांशिवाय डोळा लागेना. आता तेही नाहीत आणि झोपही नाही. अन्नावरची वासना उडाली होती, दरदरून घाम फुटत होता, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. चहा कोमट आला तरी भांडण. हे सगळं जाईल, दोन-तीन आठवडे कळ काढा, असं वरचे डॉक्टर म्हणत. पण एक दुखणं गांजाच्याही आधीचं होतं आणि ते त्याने डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. त्याला धाकट्याचा हेवा वाटायचा.

हा दहा-दहा महिने चौकीवर, आणि सायकली दुरुस्त करणारा धाकटा घरी. पोरीचा पहिला दात धाकट्याने पाहिला. तिचं पहिलं पाऊल त्याच्याच दुकानाच्या फरशीवर पडलं. मागच्या सुट्टीत बापाला पाहून पोर काकाच्या पायांमागे लपली, तेव्हा घरातले सगळे हसले. हाही हसला आणि आतल्या आत जळला. “आयत्या बिळावर नागोबा झालाय तुझा दीर,” असं तो एकदा बायकोला म्हणालाही. बायको दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

आज खाली येऊन बघतो तर तेच. मशीनमधून औषधाची वाफ येत होती. धाकटा एका हाताने पोरीच्या तोंडासमोर मास्क धरून स्वतःच गाल फुगवून फू-फू करत होता. त्याच्या नखांत ग्रीस होतं, शर्टाची बटणं खालीवर लागली होती. आणि पोर त्याचं एक बोट मुठीत धरून, त्याच्या छातीला पाठ टेकून बसली होती, जशी काही त्याचीच. बापाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणून त्याने तिला उचललं.

पोरीने तो घामेजलेला, दाढी वाढलेला चेहरा पाहिला आणि तोंड उघडलं. रडण्याचा आवाज फुटलाच नाही. नुसती शिट्टी वाढली. गळ्याखाली खड्डा पडला, बरगड्या आत ओढल्या गेल्या, ओठ निळसर दिसू लागले.

“परत द्या!” डॉक्टरीणबाई धावत आल्या. “आधी परत द्या त्यांच्याकडे!”

“बाप आहे मी तिचा!”

“असाल हो. पण तिची श्वासनळी सुजून काडीएवढी उरलीय, आणि रडली की तीही आवळते. औषध मी देते. पण ज्याच्या मांडीवर ती गप्प बसते, तो माणूस मला औषधाइतकाच लागतो.”

त्याने पोर परत दिली. धाकट्याने पुन्हा गाल फुगवले. हळूहळू बरगड्यांची ओढ कमी झाली, ओठांवर रंग आला. बापाचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच मनात आलं, माझ्या हातात का नाही आला हा रंग? असं वाटल्याची त्याला लाज वाटली. पण लाजेने हेवा जात नाही.

“एवढ्यावर संपलं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वाफेचा गुण दोन तासांत ओसरतो. सूज पुन्हा वाढली तर श्वासासाठी घशात नळी घालावी लागेल. हिला काचेच्या खोलीत न्या, माझ्या नजरेसमोर. आणि काही झालं तरी रडू द्यायचं नाही.”

आतून वही घेऊन मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी आधीचं काही पाहिलं नव्हतं. मांडीवरच्या पोरीकडे आणि दोन्ही पुरुषांकडे त्यांनी एकदा बघून घेतलं.

“एकालाच आत सोडणार. आई नाहीतर वडील. काका, मामा, आत्या सगळे बाहेर, इथे कोणाची ओळख चालत नाही. मुलीचे वडील कोण?”

धाकट्याने एकदा थोरल्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून पोरीच्या मुठीतलं आपलं बोट सोडवायला लागला. पोरीने मूठ आणखी घट्ट केली. घसा पुन्हा वाजला.

तीन वर्षांत पहिल्यांदाच नियम थोरल्याच्या बाजूने उभा होता. एक शब्द बोलायचा अवकाश, धाकटा बाहेर आणि आपण आत. तोही चारचौघांत, वहीत लिहून. इतके दिवस याच एका क्षणासाठी त्याने दात-ओठ खाल्ले होते. शब्द जिभेवर आलाही. त्याने पोरीच्या गळ्याखालच्या खड्ड्याकडे पाहिलं.

“हा,” तो धाकट्याकडे बोट दाखवून म्हणाला. “हा बाप. मी काका.”

धाकट्याचा हात थांबला. डॉक्टरीणबाई मशीनचा काटा पाहत राहिल्या. सिस्टरनी वहीत नोंद केली आणि काचेचं दार पायाने अडवून धरलं.

“मग काका, वाटेत काय उभे राहिलात? बाजूला व्हा,” त्या म्हणाल्या. “बापाला आत जाऊ द्या.”