हाडांची बासरी

आम्ही वैदू. काष्टीच्या बाजारात जडीबुटी विकताना थापा ठोकणं हा माझा धर्मच. तीन वर्षांमागं आमच्या वस्तीवर डॉक्टर आले. म्हणाले, रक्ताच्या आजारात दुसऱ्याच्या हाडातला मगज लागतो, द्यायला तयार असाल तर नावं नोंदवा. मी आपली गंमत केली, "एकानं दिला, तर त्याची हाडं पोकळ झाली. वारा सुटला की बेणं बासरीवानी वाजतंय!" सगळे खदाखदा हसले आणि पांगले. एकानंही नाव दिलं नाही.

आता माझी नात ज्ञानेश्वरीच आजारी आहे. घरात कुणाचा मगज जुळेना. डॉक्टर म्हणाले, जुळला तर तुमच्याच समाजातल्या कुणाचा जुळेल. दारोदार फिरलो. शेवटी वस्तीतल्याच गोजरबाईपुढं हात जोडले, "तुझ्या करणला नुसतं तपासून घे."

"नगं आण्णा. लेकराची बासरी व्हायची."

माझं टाळकं सणकलं. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. ओरडलो, "अगं, ती थाप हुती! मीच मारलेली! मगज परत भरून येतो!"

गोजरबाईनं डोळ्याला पदर लावला. "नातीपायी किती खोटं बोलावं लागतंय तुमाला, आण्णा."