थांबायची ओळ

"आजी, आजोबांचा म्हातारा परत अडकला!" नात म्हणाली. हे गेले तेव्हा ते बनवत असलेला संगणकावरचा खेळ अर्धवट राहिला होता, तो ती पुरा करत होती. खेळातला टोपीवाला म्हातारा पहिल्याच वळणावर मागे बघत उभा होता.

तिने खेळाची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी, पुन्हा चालवली, ओळ न् ओळ तपासली. "सापडलं! मागची बाई येईपर्यंत थांबायचं, असं आजोबांनीच लिहिलंय. पण बाई बनवलीच नाही. काढू ही ओळ?"

मी बघतच राहिले. देवळात, बाजारात, लग्नकार्याला, जन्मभर हे झपझप पुढे. मी मागून ओरडायची, "अहो, थांबा की जरा!" कधी म्हणून थांबले नाहीत.

"ओळ राहू दे," मी म्हणाले. "बाई बनव. पण हळू चालणारी हं."