जिवंत किडा

कंटेनर आज सुटला, तर आठवडाभर व्यापाऱ्याचा एकट्याचाच बाजार होता. परदेशी पाइनसाठी सुतार दुकानात खेटे घालत होते आणि दुसऱ्या कुणाचं जहाज अजून बंदराला लागलं नव्हतं. जावयाचा फायदा वेगळा होता. माल सुटला की दुकानाच्या पाटीवर त्याचंही नाव लागणार होतं. सासऱ्याने लेकीसमोर तसा शब्द दिला होता. घरजावई, घरजावई ऐकून त्याचे कान किटले होते.

अडचण एकच. लाकडात जिवंत किडा दिसला, तर तपासनीस सगळा माल परत पाठवणार. आणि किडा असणारच होता. कीड मारायला बंद कंटेनरमध्ये विषारी गॅस सोडतात, तसा दाखला मालासोबत लागतो. व्यापारी दर खेपेला दलालामार्फत नुसता दाखला मागवायचा. गॅसचा खर्च वाचायचा.

"साहेब जेवून येतील तोवर आत बघून घ्या," व्यापारी म्हणाला. "वळवळताना दिसला की चिरडा."

कंटेनरच्या दारावर दर खेपेसारखंच गॅसच्या इशाऱ्याचं कवटीचं चित्र होतं. जावयाने तिला हात जोडले. "हिच्याशी आता घरोबाच झालाय, मामा. पाटी रंगवायला टाका तुम्ही."

"आधी किडे मारा, जावईबापू. रंगाचं मग बघू."

कडी सरकवून जावई आत शिरला. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून व्यापाऱ्याने मागून दार लोटून घेतलं. आतून फळ्या ठोकून बघितल्याचे आवाज येऊ लागले.

थोड्या वेळाने जावई ओरडला, "मामा, नशीब काढलंत! किडे ढीगभर आहेत, पण एकही हलत नाही. पार मागपर्यंत बघून येतो!"

व्यापाऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्याने तिथूनच दलालाला फोन लावला. "कुणाकडून उचललास रे या वेळचा माल? किडे आपले आपणच मेलेत!"

आतली ठोकाठोक थांबली होती.

दलाल खुशीत हसला. "आपले आपण कसे मरतील, शेठ? हा नवा माणूस निघाला सरळमार्गी. नुसता दाखला देणार नाही म्हणाला, चांगला खराखुरा गॅस मारून दिला. घाबरू नका, तुम्हाला त्याचा छदामही भुर्दंड नाही."