बाहेरचं रडणं

"पोर तुजी, तर अडचण पन तुजीच गो! त्यात समाजाचा काय संबंध?" पेपरपुरती नात सांभाळायला नकार देत सासूनं ठणकावलं. मग संघरत्ना नवऱ्याच्या कडेवर तान्ही लेक देऊन दोघांनाही धसईहून मुरबाडला घेऊन आली, परीक्षा केंद्राबाहेर आंब्याखाली बसवलं आणि समाजशास्त्राच्या पेपरला आत गेली. पहिलाच प्रश्न होता, 'वैयक्तिक अडचण सामाजिक प्रश्न केव्हा बनते? उदाहरण द्या.' उदाहरण काही केल्या सुचेना. इतक्यात बाहेर बाळ रडलं. 'गेला माझा पेपर!' म्हणत ती ताडकन उठली, तर तिच्यासोबत अर्धा वर्ग उठून उभा!

"बसा गो सगळ्या, लिहा!" दाराकडे धावता धावता सुपरवायझर मॅडम ओरडल्या, "माझं हाय ते!"