उपासाची डाळ

दमयानाने हाडं आधी कागदात गुंडाळली, मग फडक्यात, आणि वर जिरजीरच्या पाल्याची भली मोठी जुडी ठेवली. ईस्टरआधीचा पंचावन्न दिवसांचा मोठा उपास चालू होता. दूध, तूप, अंडं, मांस सगळं वर्ज्य. अशा दिवसांत मल्लवी गावातल्या कोप्टिक ख्रिस्ती बाईच्या पिशवीत हाड दिसलं, तर ती घरी पोचायच्या आत बातमी चर्चमध्ये पोचते. म्हणून तिने खाटीकही स्टेशनापलीकडचा धरला होता.

"कुत्र्यासाठी का, सित्त?" खाटकाने विचारलं.

"हो."

"नशीबवान आहे हो तुमचं कुत्रं. रोज मज्जेची नळी!"

देवा, क्षमा कर, ती मनात म्हणाली. सख्ख्या भावाला कुत्रा ठरवलं.

भाऊ म्हणजे मुअल्लिम तादरस. जन्मापासून डोळ्यांत उजेड नाही, पण गळ्यात देवाने सगळा उजेड ओतलेला. चर्चचा मुख्य गायक. तो गाऊ लागला की रडकी पोरंसुद्धा गप्प होत. गेल्या वर्षी शुभ शुक्रवारचं लांबलचक स्तोत्र गाता गाता तो वेदीसमोरच कोसळला. रक्त साडेसातवर आलेलं. उपासात तो भाकरी, मीठ आणि काळ्या चहावर राहायचा, हे तेव्हा उघडकीला आलं. चर्चचे धर्मगुरू अबूना बिशारांनी फर्मान काढलं, "वर्षभर उपास बंद. दूध पी, अंडी खा, कलेजी खा. आज्ञा पाळणं हाच तुझा उपास."

तादरसने आज्ञा पाळली. पण गाणं सोडलं. "ज्याच्या पोटात उपास नाही, त्याच्या गळ्यात स्तोत्र कसलं?" म्हणाला आणि वर्षभर मागच्या बाकावर मुका बसून राहिला.

यंदा डॉक्टर इनासनी परवानगी दिली, पण अट घालून. "उपास म्हणजे उपासमार नाही, मुअल्लिम. मोड आलेला बाकला खायचा, त्यावर लिंबू पिळायचं. मसूर, हिरवा पाला, काळी काकवी तिळाच्या ताहिनीत कालवून. जेवणानंतर तासभर चहा नाही. आणि ही बी-बाराची गोळी चुकवायची नाही, ते पाल्यात मिळत नाही. चाळिसाव्या दिवशी रक्त तपासू. तेराच्या खाली गेलं, तर त्याच दिवशी अंडी सुरू."

"आणि वर राहिलं तर?"

"तर शुभ शुक्रवारी गा. मीही ऐकायला येईन."

पाल्याने का कुठे रक्त होतं? दमयानाचा विश्वास बसेना. उपासाच्या पहिल्या पहाटे तिने हाडं उकळली, रस्सा गाळला, त्यात मसूर शिजवला, आणि वास मरावा म्हणून जिरं-लसणाची सढळ फोडणी दिली. उपासाच्या दिवसांत प्रार्थना तीनला संपे, मग चर्चमध्येच सगळ्यांची बाकल्याच्या उसळीची पंगत बसे.

"पंगतीतल्या बाकल्यावर काय भागणार?" असं म्हणून तिने डबा भावाच्या हातात कोंबला, आणि मग ते रोजचंच झालं. संध्याकाळचं घरचं जेवण मात्र डॉक्टरांच्या यादीबरहुकूम असे. तिथे रस्सा मिसळायला तिचा हात धजला नाही.

रोज संध्याकाळी तेच बोलणं.

"डबा संपला?"

"पुसून घेतलाय, ताई. घासायचीसुद्धा गरज नाही."

"डाळ बरी झाली होती?"

"खाणाऱ्याच्या तोंडून तुला रोज दुवा मिळतो बघ."

हे ऐकलं की तिच्या काळजात सुरी फिरे. आंधळ्या माणसाचा उपास आपण रोज चोरतोय, आणि तो दुवा देतोय! दोनदा ती अबूनांकडे पापनिवेदनाला गेली, आणि दोनदा शेजारणीशी भांडल्याचं सांगून परत आली.

चाळिसावा दिवस उजाडला. डॉक्टर इनासनी कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"तेरा पूर्णांक सहा! सुरुवातीला तेरा पूर्णांक एक होतं. मुअल्लिम, उपासात तुमचं रक्त वाढलं!"

तादरस खुर्चीतून ताडकन उठला. बाहेर बसलेल्या बायांनी न विचारताच जिभा नाचवत आनंदाच्या किलकाऱ्या दिल्या. तो दमयानाचे हात धरून म्हणाला, "ताई, रडतेस काय? हा तुझ्या हातांचा विजय आहे!"

तेच तर दुखत होतं.

त्या दुपारी वर्षभराने तादरस गायकांच्या रांगेत उभा राहिला. पहिला सूर लागला आणि जुन्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. आवाज घुमटापर्यंत चढला, तिथे क्षणभर थांबला आणि मधासारखा खाली उतरला. दमयानाला आत थांबवेना. ती फाटकापाशी आली. आज सांगायचंच. प्रार्थना संपली की आधी अबूनांना, मग त्याला. त्याने पुन्हा गाणं सोडलं तरी चालेल.

फाटकावरचा म्हातारा पहारेकरी अम्म रशवान आपल्या नमाजाची चटई गुंडाळत होता. रोज तादरसला हात धरून बाकापर्यंत तोच नेई. यंदा त्याचे गाल चांगलेच वर आले होते.

"रडू नका, सित्त दमयाना. असा गळा आख्ख्या मिन्या प्रांतात नाही." मग जरा घुटमळून म्हणाला, "एक विचारू? तुमचा उपास संपला की डाळही बंद होणार का हो?"

"कुठली डाळ?"

"तुमच्या डब्यातली! मुअल्लिम तर रोज आत पंगतीतला बाकलाच खातात, दोन दोन लिंबं पिळून. पहिल्या दिवशी त्यांनी इथेच झाकण उघडलं, वास घेतला, खूप हसले, आणि मला म्हणाले, 'अम्म रशवान, तुला काही आमचा उपास नाही. हा डबा आजपासून तुझा.'"