तिलेकचा उरलेला नान

भिंतीवरचा खिळा रिकामा होता. बुरुलने चुलीमागे पाहिलं, गाद्यांच्या चळतीत पाहिलं, स्टुलावर चढून वाशावरूनही हात फिरवला. नान कुठेच नव्हता.

सैन्यात जायला निघताना तिच्या मुलाने, तिलेकने, त्या नानचा एक घास तोडून खाल्ला होता. उरलेला तिने फडक्यात बांधून टांगला होता. परत आल्यावर तो त्यानेच संपवायचा. गावात ज्या ज्या घरचा मुलगा सैन्यात होता, त्या प्रत्येक घरात असा नान टांगलेला असे आणि त्याला कोणी हात लावत नसे.

"उंदराने नेला असेल," तिचा नवरा कासिमाली बूट चढवत म्हणाला.

"फडक्यासकट? आणि चुरा कुठाय?"

"मग मांजराने."

"आपल्याकडे मांजर आहे का?"

कासिमाली मेंढ्यांकडे गेला. तो मंगळवार होता. दिवसभर तिच्या हातून एकही काम धड झालं नाही. रोजच्या खारट चहातही तिने दोनदा मीठ घातलं.

"त्याला सोडवून आणू," जेवताना ती म्हणाली. "पैसे भरले की मुदतीआधी सोडतात ना आता? शेजारच्या जोलदोशचा मुलगा आलाच की."

"त्या मुलाला मी गावासमोर काय म्हटलं होतं?"

"अर्धा शिपाई."

"मग? मी तीन वर्षं नौदलात काढली. एक दिवस कमी नाही. याचे तर चारच महिने राहिलेत."

"तुमच्या आईने तुमचा नान सांभाळला होता. माझ्या हातून गेला. तिलेक परत आला नाही तर?"

कासिमालीने वाटीतला चहा हलवला. "आणि पैसे?"

"घोडी विकू."

"त्याच्या लग्नासाठी ठेवलेली? वसंतात मी नुसता विकायचा विषय काढला, तर चुलीतला चिमटा घेऊन धावली होतीस अंगावर."

"नवरामुलगाच नसला तर घोडीचं काय करू? मीच बसू का तिच्यावर?"

तो हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "हट्ट तुझा आहे. गावात कोणी विचारलं तर मी तेच सांगणार."

"खुशाल सांगा."

गुरुवारच्या बाजारात घोडी विकली गेली. दर चांगला आला. शुक्रवारी त्याने भावाची गाडी मागून आणली, दाढी केली आणि रस्ताभर कुरकुरत राहिला. पोरं बिघडलीत, आया त्यांना बिघडवतात, आता जोलदोशला तोंड कसं दाखवू. खिंड ओलांडल्यावर तो शीळ घालायला लागला. तिने वळून पाहिलं, तसा गप्प झाला.

शहरात बँकेत पैसे भरून ते छावणीच्या फाटकापाशी आले.

"मी आत येणार नाही," तो म्हणाला. "लाज वाटते मला."

बुरुल एकटीच पावती घेऊन आत गेली. कचेरीतल्या अधिकाऱ्याने ती नीट वाचली, शिक्का मारला आणि तिलेकला बोलावणं धाडलं.

तिलेक धावतच आला. त्याने तिला कवेत घेऊन उचललंच.

"अरे, ठेव खाली! पडेन ना म्हातारी!"

"आई, रडतेस काय?"

"वारा लागला डोळ्यांना." नानचं ती बोलली नाही. असलं काही तोंडातून काढायचं नसतं. तिने त्याचे गाल चाचपले, कान पाहिले, दोन्ही हात उलटसुलट केले. सगळं जागच्या जागी होतं.

"जा, सामान आवर लवकर," ती म्हणाली. "बाबा गाडीत बसलेत, फुरंगटून. त्यांच्यासमोर फार दात काढू नकोस. मी ओढून आणलंय त्यांना."

"आवरलंय की," दाराबाहेर ठेवलेली बॅग उचलत तिलेक म्हणाला. "रविवारीच बाबांचा फोन आला होता. म्हणाले, तयार राहा, आईला पटवायला चार-पाच दिवस लागतील."