आधी मोठ्यांना

सूनबाईला पाचवा महिना लागला आणि हिमोग्लोबिन निघालं सात. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या तीस गोळ्या लिहून दिल्या, रोज एक. पण त्या घरात बाहेरून काहीही आलं, की ते आधी मोठ्यांच्या हातावर पडायचं. गोळ्या तरी त्यातून कशा सुटणार? सासऱ्यांना चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची, म्हणून दहा त्यांना. सासूबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून दहा त्यांना. नवऱ्याला आजकाल उगीचच गळून गेल्यासारखं वाटायचं, म्हणून उरलेल्या त्याला.

"तू काय, तरणीताठी आहेस," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात तुझा नंबर."

पुढचे चारही महिने असेच गेले. सासरे धडाधड जिने चढू लागले, सासूबाईंच्या गालांवर लाली आली. सूनबाई मात्र भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघर गाठायची.

बाळंतपणात तिचं बरंच रक्त गेलं आणि एकच धावपळ उडाली. नेमका सासूबाईंचा रक्तगट जुळला. त्यांची तपासणी करून डॉक्टरीणबाई चकितच झाल्या. "या वयात चौदा! खाता तरी काय हो तुम्ही?"

"घरात असेल ते," सासूबाई लाजून म्हणाल्या.

सूनबाईने डोळे उघडले तेव्हा कुशीत बाळ होतं आणि उशाशी सासूबाई दंड चोळत बसल्या होत्या. "माझं रक्त दिलंय हो तुला!"

सूनबाईने नळीतून उतरणाऱ्या लालभडक थेंबांकडे पाहिलं.

"आला म्हणायचा, आई, एकदाचा माझा नंबर."